अॅनालॉग रिटम एमके २: दाबावर चालणारे पॅड

इलेक्ट्रॉन या स्वीडिश कंपनीच्या या ड्रम मशीनवर १२ पॅड आहेत, पण अॅनालॉग व्हॉइस (आवाज निर्माण करणारे सर्किट) आठच, म्हणजे काही पॅडना एक व्हॉइस वाटून घ्यावा लागतो. त्यामुळे क्लोज्ड आणि ओपन हायहॅट (झांजांच्या जोडीचे बंद आणि खुले आवाज) एकाच वेळी वाजत नाहीत. मशीनचा खरा कस लागतो परफॉर्मन्स मोडमध्ये. इथे पॅड आवाज वाजवत नाही, तो नियंत्रक बनतो: जितका दाब, तितका बदल. बोट उचललं की सगळं मूळ जागी.

एका पॅडवर अनेक ट्रॅकचे (प्रत्येक ड्रमचा एक ट्रॅक) पॅरामीटर, म्हणजे आवाजाच्या सेटिंग, लावता येतात. स्नेअर आणि हायहॅटचा डिले सेंड (प्रतिध्वनीकडे जाणारं प्रमाण) वाढवा, त्याच पॅडवर किकचा (मुख्य खोल ठोक्याचा) फिल्टर थोडा बदला, एवढ्यात छान ब्रेक, म्हणजे तालातला क्षणभराचा बदल, तयार होतो. बदलाचे आकडे लहान ठेवा. मोठी रेंज दिली की पॅडच्या पहिल्या स्पर्शालाच आवाज उडी मारतो, मधल्या छटा बोटाला सापडतच नाहीत. डिलेचा फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा डिलेत परतवण्याचं प्रमाण) तर जपूनच; जास्त झाला की प्रतिध्वनी विरण्याऐवजी चढत जातो.

पॅड कडक आहेत, सलग आठ बार (तालाची आवर्तनं) दाब सारखा ठेवणं बोटांच्या जिवावर येतं. अशा लांब चढणीसाठी एमके २ वरचा क्विक परफॉर्मन्स नॉब वापरावा. तो सोडला तरी जागेवर राहतो.

आणि हो, पॅडची ही मांडणी किटमध्ये (सगळ्या आवाजांच्या संचात) साठते. किट सेव्ह न करता दुसऱ्या किटचा पॅटर्न (तालाचा तुकडा) लावलात, तर मेहनत पाण्यात.