सेकंडहँड एअर रायफल घेताना ७८ हजाराला फसलो, तुम्ही घ्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातला, कापूस-तुरीचा शेतकरी. २०२४ मधे पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ऑलिम्पिकमधे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे (गुडघ्यावर, झोपून अन् उभं राहून मारायची नेमबाजी) ब्राँझ घेतलं, तो राधानगरीकडच्या कांबळवाडीचा, म्हणजे आपल्यासारखाच खेड्यातला, अन् तेव्हापासून माझ्या पोरीच्या डोक्यात रायफल बसली. नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवर एक रायफल अन् पाच लेकरं, नंबर लागेपर्यंत दिवस जाते. म्हणून कापसाचे चुकारे आले तसं ठरवलं, पोरीले स्वतःची घेऊन द्यायची.

नवीन इम्पोर्टेड मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, लाखांत जाते. ओळखीतून एक माणूस भेटला, स्वतःले कोच म्हणवत होता, म्हणे "भाऊ, नॅशनल खेळलेली रायफल आहे, तुमच्या पोरीसाठी ७८ ले देतो". त्याच्याच हॉलमधे पाच छर्रे मारून दाखवले, पाचही भोकं एकमेकांत घुसलेली, अन् मी तिथंच भुललो. २० हजार मोबाईलवरून, बाकी रोख, बिल नाही. पोरगी म्हणाली "बाबा, मी मारून पाहू का?" तर तो म्हणे आता नको, सेटिंग बिघडते, अन् मीच तिले गप्प केलं. ते मले अजून खुपते. जाताजाता तो पॉइंट टू-टू (०.२२ इंच बोरची रायफल) पण बिनकागदाची देतो म्हणाला. बिनलायसन्स फक्त ४.५ मिमी बोरची (नळीच्या भोकाची) अन् २० जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल घेता येते, पॉइंट टू-टूले लायसन्स लागतेच, हे ऐकल्याबरोबर उठायला पाहिजे होतं.

रेंजवर पोरीले शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यात आधी रायफलचा हवेचा सिलिंडर पाहिला, त्यातल्या दाबलेल्या हवेनंच छर्रा सुटते. तारखेच्या जागी स्टिकर, नखानं खरवडलं तर खाली २०११. बनल्यापासून १० वर्षं एवढंच त्याचं आयुष्य धरतात, मॅचमधे त्यानंतर चालत नाही, अन् आत २०० बार दाबाची हवा असते. सर म्हणाले, "मी हे भरणार नाही, फुटलं तर पोरीचा हात जाईल." मग दुसरा सिलिंडर लावून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा छर्रे मारले, सगळे २२ मिलिमीटरात विखुरले. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, नवाचं वर्तुळ साडेपाचचं, पोरगी कितीही नेमानं मारेल तरी काय होणार! चांगल्या बॅरलमधून, म्हणजे नळीतून, टेकवून मारले तर दहा छऱ्यांचं मिळून सात-आठ मिलिमीटरचं एक भोक पडते.

नंतर सरांनी कान साफ करायच्या काडीचा कापूस बॅरलच्या तोंडावर आतून बाहेर असा फिरवला. एका जागी दोन तंतू अडकून राहिले, उजेडात धरलं तर हलत होते. तिथं कडेले, म्हणजे क्राऊनले, बारीक खरचट होती, रायफल कुठंतरी आपटलेली. छर्रा सुटताना मागची हवा सगळीकडून सारखी निघाली नाही की छर्रा तिरपा जाते. हे बघायले ना मशीन लागते ना पैसा, अन् कापूस तर माझ्या घरात भरलेला होता.

सोबत "मॅचचे" म्हणून दिलेले डबे बिनसीलचे होते. गावच्या सोनाराच्या काट्यावर टाकले तर काही ०.५३ ग्रॅम, काही ०.४८, म्हणजे रायफलचे अन् पिस्तुलाचे मिसळलेले. छऱ्याचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असं मिळते, आपल्या बॅरलले कोणतं जमते हे टेकवून मारूनच कळते, विकणाऱ्याच्या सांगण्यावर डबे घेऊ नका.

रात्री पोरीनं त्याच्या हॉलमधे पाच छर्रे मारले त्या दिवशीचा मोबाईलमधला व्हिडिओ उघडला अन् तो उभा होता तिथून टार्गेटपर्यंतच्या फरशा मोजल्या. दोन फुटी फरशा, अकरा. २२ फूट! एअर रायफलची मॅच १० मीटरवरून असते, म्हणजे जवळपास ३३ फूट. अन् छर्रे तो स्वतःच्या खिशातल्या डबीतून काढत होता, तेही दिसते.

आता त्याचा फोन बंद. पोलिसात अर्ज दिला, पण २० हजाराची एन्ट्री आहे अन् ५८ हजाराचा कागदच नाही.

मागच्या महिन्यात दिग्रसच्या मित्राच्या पोरासाठी एक रायफल पाहायले गेलो, टेप, वाळूची पिशवी अन् सीलबंद डबा घेऊन. विकणाऱ्यानं स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं, सिलिंडरची तारीख दाखवली, पोराले दहा मारू दिले, अन् बिल मित्राच्या नावानं लिहून दिलं.