शिवभोजन थाळी : एकट्या माणसाच्या मापाने

महामारीच्या दोन उन्हाळ्यांत एकट्याने राहणाऱ्या माणसाला जेवणाच्या बाबतीत पैशाइतकीच मापाची अडचण होती. पुण्यातील सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या खोलीत बहुधा गॅसही नसतो आणि फ्रीजही नसतो. त्यामुळे मेस बंद पडल्यावर कोबीचा अख्खा गड्डा किंवा पाच किलो कणकेची पिशवी घरी आणून करायचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून शिवभोजन थाळीची पारख चवीआधी तिच्या मापावर करणे मला रास्त वाटते.

राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी ही थाळी १० रुपयांत सुरू केली. टाळेबंदी लागताच तिची किंमत ५ रुपये करण्यात आली, तर एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आल्यावर ती काही महिने मोफत होती. शहरी भागात एका थाळीची किंमत ५० रुपये धरलेली असून ग्राहकाने दिलेली रक्कम वजा जाता उरलेले पैसे सरकार केंद्रचालकाला देते. थाळीत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असते. बेरीज केल्यास हे ४१० ग्रॅम अन्न होते. टेबलाशी बसून वाचणाऱ्याला ते दुपारपुरते पुरते, पण ओझी वाहणाऱ्या किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला या दोन पोळ्या कमीच पडणार. निदान त्याच्यासाठी तरी पोळ्यांची संख्या वाढवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

चव केंद्रागणिक बदलते. साधे तुरीचे वरण बहुतेक ठिकाणी जमून जाते. खरी परीक्षा भाजीची असते. पार्सलच्या डब्यात कोंदलेल्या वाफेने कोबीला पाणी सुटते आणि ते शेजारच्या भातात उतरते, तर मटकीची उसळ किंवा सुका बटाटा मात्र घरी पोहोचेपर्यंत टिकतो. पोळ्या आल्या आल्या खाव्यात, कारण तासाभराने त्या वातड होतात. मोजक्या पैशांत आणि ठरलेल्या वजनात हे जेवण करावे लागते हे लक्षात घेतल्यास त्याला बेचव म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मेसच्या तुलनेत या थाळीचा मोठा फायदा असा की इथे महिन्याचे पैसे आगाऊ भरावे लागत नाहीत. मेसमध्ये गावी गेल्यास खाडा धरला जाईल की नाही, यावरून वाद ठरलेला असतो. टाळेबंदीत तर मुले अचानक गावी निघून गेली आणि भरलेले पैसे परत मिळण्याची शाश्वती अनेकांना नव्हती. थाळीत अशी गुंतवणूक नाही. ज्या दिवशी भूक, त्या दिवशी रांग. केंद्रावर नाव सांगून ॲपसाठी छायाचित्र द्यावे लागते, हे काहींना, विशेषतः बऱ्या घरच्या मुलांना, संकोचाचे वाटते. माझ्या मते मात्र ते अनुदानाचा हिशोब ठेवण्यापुरतेच समजावे.

या व्यवस्थेतील खरी उणीव रात्रीची आहे. थाळी दुपारीच मिळते, आणि तिच्यातला भात रात्रीसाठी राखून ठेवावा म्हटले तर मे महिन्याच्या उकाड्यात त्याला संध्याकाळीच आंबूस वास येऊ लागतो. एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकाने सकाळी ७ ते ११ एवढाच वेळ उघडी राहू लागल्यामुळे रात्रीची तजवीजही सकाळीच करावी लागे. जाड पोहे भिजायला वेळ घेतात, म्हणून पाव किलो पातळ पोहे, शेंगदाणे आणि लिंबाच्या लोणच्याची लहान बरणी आणून ठेवावी. दही मात्र रोजच्या रोज लहान कपातले घ्यावे, म्हणजे शेगडी न पेटवताही दहीपोह्यांवर रात्र निभावते.