डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं: पैसे भरण्याआधी हे वाचा

वार्षिक परीक्षा संपत आल्या की वर्तमानपत्राच्या घडीतून 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ची, म्हणजे मुलांचा मध्यमेंदू 'जागा' करून देण्याची, पत्रकं घरात यायला लागतात. वय ५ ते १५, दोन दिवसांचं शिबिर, आणि त्यानंतर मूल डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणार, चेंडूचा रंग सांगणार, सायकल चालवणार. जोडीला स्मरणशक्ती, एकाग्रता, आत्मविश्वास. मागच्या उन्हाळ्यात आमच्या चौथीतल्या लेकीसाठी आम्ही अशा एका वर्गाला २५ हजार रुपये भरले. ही सरळसरळ फसवणूक आहे. ती कशी होते ते नीट सांगते, कारण पैसे मागण्याआधी हे लोक जे दाखवतात ते पाहून शिकलेली माणसंही गप्प होतात.

सुरुवात मोफत कार्यक्रमाने होते. एका मंगल कार्यालयात शे-दीडशे पालक जमले होते. मेंदू म्हणजे काय, मध्यमेंदू कुठे असतो, यावर कोणी धड पाच मिनिटंही बोललं नाही. बोलले ते आधीच्या शिबिरांतले पालक. "मी स्वतःच्या हाताने पट्टी बांधली, माझ्या खिशातली नोट काढून दिली, पोराने नंबर वाचला." एक बाई तर म्हणाल्या की आजीचा फोन येणार हे त्यांच्या मुलीला आधीच कळतं. यातल्या दोघांशी मी नंतर निवांत बोलले. त्यांना कोणी पैसे दिलेले नव्हते, ते खोटंही बोलत नव्हते. त्यांनी पाहिलं तेच त्यांनी सांगितलं. या धंद्याची सगळी ताकद तिथेच आहे.

शिबिरात पालकांना आत सोडत नाहीत. दोन दिवस मोठ्या आवाजात संगीत, नाच, खेळ, डोळे मिटून पडून राहणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. लेकीच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती. तिच्या बाबांनी खिशातलं एसटीचं तिकीट तिच्या हातात दिलं. तिने ते बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं, पोटाजवळ धरलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "सां-ग-ली". माझे डोळे भरून आले. त्याच क्षणी एक तरुण मोबाइल घेऊन समोर आला, "मॅडम, दोन शब्द बोला ना." रात्री तो व्हिडिओ त्यांच्या स्टेटसवर होता आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या जाहिरातीत.

घरी सराव सुरू झाला तेव्हा काही गोष्टी खटकायला लागल्या. वाचताना ती हनुवटी वर करायची. कागद नेहमी छातीच्या खाली. पट्टी सारखी गालापाशी नीट करायची. दिवे गेले की मेंदूचं वाचनही बंद.

तिचा मामा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने रागावणं, उलटतपासणी असं काहीच केलं नाही, खेळच मांडला. आधी पुस्तक तिच्या कपाळाच्या उंचीवर धरलं. जमेना. मग पुठ्ठ्याला गळ्याएवढी खाच पाडून तो हनुवटीखाली आडवा लावला आणि पुस्तक पुठ्ठ्याखाली तिच्याच हातात दिलं. जमेना. शेवटी पोहायच्या गॉगलला आतून काळा कागद आणि काळी चिकटपट्टी लावली. एक अक्षर आलं नाही. पुन्हा वर्गाची पट्टी बांधली, पुस्तक मांडीवर ठेवलं, की वाचन सुरू!

रात्री झोपताना ती मला म्हणाली, "आई, नाकाजवळून खाली दिसतं गं. सर म्हणाले, जे दिसेल ते सांगायचं, कसं दिसतं ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की शक्ती जाते." नऊ वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर हे ओझं टाकलं होतं. आधी तिला काहीच दिसत नव्हतं. शेजारची मुलं वाचायला लागली, त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, आणि सर हिला म्हणाले, तुझं लक्ष नाही. मग तिला ती फट सापडली आणि तिच्यासाठीही टाळ्या वाजल्या. २५ हजारांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

नाकाच्या उंचवट्यामुळे कोणतीही साधी पट्टी नाकाच्या दोन्ही बाजूंना थोडी उचललेली राहते. जादूगारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९६०च्या दशकात सोव्हिएत रशियात रोझा कुलेशोवा नावाची बाई बोटांनी वाचते म्हणून गाजली होती. तेव्हा अमेरिकन विज्ञानलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९६६ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहून दाखवलं की अशा प्रयोगांत नाकाजवळून खाली डोकावण्याची वाट बंद केलेलीच नसते. आपल्याकडे मंगळुरूचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी या मिडब्रेनवाल्यांची हीच युक्ती जाहीरपणे उघडी पाडली आहे.

आणि मध्यमेंदू 'जागा' करायचा म्हणजे काय? तो जन्मापासून जागाच असतो. डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली लहान होणं, आवाजाच्या दिशेला मान वळणं ही त्याची कामं. बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यांवर डॉक्टर बॅटरी मारतात तेव्हा ते त्याचंच काम तपासत असतात. तो बंद पडलेलं मूल शिबिराला चालत येणार नाही.

आता त्या अनुभवांबद्दल. सगळं कळल्यावरही आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात एकच उत्तर यायचं: "मग आमच्या डोळ्यांनी पाहिलं ते खोटं का?" पाहिलं ते खरंच आहे. मुलाने वाचलं हे त्यांनी पाहिलं. ते कशाने वाचलं हे मात्र त्यांनी पाहिलेलं नाही, आणि प्रश्न नेमका तेवढाच आहे. पट्टी स्वतः बांधली म्हणून फट बुजत नाही.

दुसरं म्हणजे गटात येत होतं ते फक्त जमलेलं. ज्यांच्या मुलांना जमलं नाही ते शरमेने गप्प राहिले किंवा गटातून बाहेर पडले. त्यांचा व्हिडिओ कोणी काढला नाही. शिबिरातला रंगीत चेंडूंचा सराव घ्या. चार रंग, आणि चुकलं की "घाई करू नको, पुन्हा बघ." दोनदा सांगायची मुभा असेल तर नुसत्या अंदाजानेही निम्म्या वेळा बरोबर येतं. आजीच्या फोनचंही तसंच. आजी रोज संध्याकाळी फोन करते. न आलेला फोन कोणाच्या लक्षात राहतो?

म्हणून सगळं मोजावं लागतं, चुकलेलंही. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची अशी चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कुठल्या मुलाची ते विचारलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी ५०च्या आसपास आली असती. "माझं तंतोतंत खरं ठरलं" म्हणणारी गिऱ्हाइकं त्यातल्या प्रत्येकाकडे असणारच. त्या सांगण्यातून हे ४६ टक्के कधी बाहेर आले नसते. अमेरिकेत जादूगार जेम्स रँडी यांच्या संस्थेचं दहा लाख डॉलरचं आव्हान २०१५ पर्यंत खुलं होतं. अटी दोन्ही बाजूंनी आधी मान्य करायच्या आणि अतींद्रिय शक्ती दाखवायची. ते बक्षीस कोणालाही जिंकता आलं नाही.

वर्गाकडे पैसे परत मागितले तेव्हा उत्तरं ठरलेली होती. मुलीची एकाग्रता कमी पडते. घरात नकारात्मक वातावरण आहे. शंका घेतली की शक्ती जाते. पुढची पातळी करा, ११ हजार फक्त. पुठ्ठ्याची चाचणी तुमच्याच वर्गात, तुमच्याच निवडीच्या मुलांवर करू या, असं मामाने सुचवलं, तर फोन उचलणं बंद झालं. वकिलाची नोटीस गेल्यावर माझा व्हिडिओ तेवढा काढला.

तुमच्यासमोर कोणी पैसे मागत असेल तर तो पुठ्ठा घेऊन जा आणि हनुवटीखाली आडवा धरू द्या म्हणा. कारणं सांगायला लागले की उठून या. पैसे भरून झाले असतील तर मुलाला खोटारडा म्हणू नका, मारू तर नकाच. त्याला मोठ्या माणसांनी शिकवलंय. "तुला खालून दिसत होतं ना? मला राग नाही आला," एवढं म्हणा. आमची लेक त्यानंतर ढसाढसा रडली, आणि मग मोकळी झाली.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे, ती अजून चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पावती, पत्रक आणि व्हॉट्सॲपवरचे त्यांचे निरोप जपून ठेवा. पावती दिलीच नसेल तर पैसे पाठवल्याची बँकेतली नोंद काढून घ्या. आमच्या तुकडीतल्या आणखी तीन घरांनी अशीच कागदं जमवून आमच्यापाठोपाठ तक्रार दिली आहे.