नर्सिंग ऑफिसरचा पगार: मुंबईत किती पुरतो, नागपुरात किती उरतो

रेल्वेच्या भायखळ्याच्या हॉस्पिटलची नेमणुकीची ऑर्डर एका हातात आणि एम्स नागपूरची दुसऱ्या हातात, असा पेच पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. दोन्हीकडे सातव्या वेतन आयोगाची लेव्हल ७, म्हणजे मूळ पगार ४४,९०० रुपये. घरचे म्हणतात, मुंबईला पगार जास्त. किती जास्त, ते आधी बघू.

डीए, म्हणजे महागाई भत्ता, जुलै २०२५ पासूनच्या दराने, ५८ टक्के धरला तर २६,०४२. नर्सिंग अलाउन्स ९,०००. प्रवास भत्ता ३,६०० आणि त्यावर डीए, मिळून ५,६८८. नागपूर जास्त प्रवास भत्त्याच्या यादीत असल्यामुळे इथपर्यंत दोन्ही स्लिपांत एका रुपयाचाही फरक नाही. तो पडतो घरभाडे भत्त्यात. सरकारने या भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत मुंबई एक्स वर्गातली, तिथे मूळ पगाराच्या ३० टक्के म्हणजे १३,४७०. नागपूर वाय वर्गातलं, तिथे २० टक्के म्हणजे ८,९८०.

एवढे धरून एकूण मुंबईला ९९,१००, नागपूरला ९४,६१०. एनपीएस या पेन्शन योजनेसाठी मूळ पगार आणि डीएच्या १० टक्के म्हणजे ७,०९४ कापले जातात. व्यवसाय कर २००. नव्या करप्रणालीत वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला आयकर लागत नाही, तेव्हा तो प्रश्नच नाही. किरकोळ कपाती सोडल्या तर हातात मुंबईत सुमारे ९१,८०० आणि नागपुरात ८७,३००.

मुंबईत राहण्यासाठी सरकार तुम्हाला महिन्याला ४,४९० रुपये जादा देतं. बस्स, एवढेच. मूळ पगार वाढेल तसा हा आकडा वाढेल, पण हे दर आहेत तोवर तो मूळ पगाराच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाणार नाही. दोन शहरांतल्या भाड्यातला फरक यात बसतो का, हे ज्याने भायखळा-परळ पट्ट्यात एकदा तरी वन बीएचके शोधलाय त्याला विचारायला नको.

मग माणूस लांब सरकतो. डोंबिवली, कल्याण, बदलापूर. घरभाडे भत्ता तुम्ही राहता कुठे यावर नाही, ड्यूटी कुठे आहे यावर ठरतो. म्हणून बदलापुरात राहूनही ३० टक्के मिळतातच. लोकलचा पासही स्वस्त. कागदावर हिशोब जमतो. पण मॉर्निंग शिफ्टला ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा चार्ज, घ्यायला वेळेवर वॉर्डात पोहोचायचं तर कल्याणहून पहाटेची गाडी पकडायची. इव्हिनिंग संपल्यावर एखादी नवी अॅडमिशन आली, ओव्हर द्यायला अर्धा तास जास्त गेला, की घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा मॉर्निंग असेल तर झोप किती होणार? ऑफिसातला माणूस रोज ठरलेली एक गाडी पकडतो, बसायची जागासुद्धा ठरवून घेतो. शिफ्टवाल्याला ती सोय नाही. लहान मूल असेल तर नाईटला त्याच्याजवळ कोण, हा खर्च वेगळाच, आणि तो भाड्याच्या हिशोबात कुणी धरत नाही.

नागपूरही अगदी आयतं नाही. एम्स मिहान या नव्या औद्योगिक भागात आहे, गावापासून बरंच लांब, आणि शिफ्टच्या वेळा बघता स्वतःची दुचाकी लागतेच. उन्हाळ्यात दुपारच्या ड्यूटीला जाताना त्याची किंमत कळते. पण रस्त्यात जाणारा वेळ मुंबईच्या तुलनेत काहीच नाही, आणि महिनाअखेर हातात काहीतरी उरतं.

हा सगळा हिशोब उलटवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे क्वार्टर. क्वार्टर मिळाली की घरभाडे भत्ता बंद होतो आणि नाममात्र लायसन्स फी कापली जाते. मुंबईत १३,४७० सोडून हॉस्पिटलजवळ घर मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावं. बाहेर त्या पैशात काय मिळतं ते सांगायला नको. नागपुरात मात्र ८,९८० सोडून क्वार्टर घ्यायची की भत्ता घेऊन बाहेर राहायचं, याचा विचार करायला जागा आहे. म्हणून रेल्वेची ऑर्डर आली की आधी तिथे काम करणाऱ्या एखाद्या सिस्टरला गाठून विचारा: क्वार्टर रिकामी आहे का, वेटिंग किती, आणि मिळते ती राहण्यालायक आहे का. जोडीदाराची नोकरी मुंबईतच असेल तर तुलनाच वेगळी. दोन पगारांत मुंबई झेपते.

मुंबईतल्या खाजगी हॉस्पिटलची ऑफर असेल तर थोडक्यात सांगतो. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलांत नर्सचा किमान पगार २०,००० आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तिथे सरकारी नर्सच्या बरोबरीने असावा, अशी शिफारस केली होती. ती शिफारसच आहे, तेव्हा हातातल्या ऑफर लेटरवरच विसंबा. त्यातही सीटीसी, म्हणजे तुमच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च, बघू नका: मालकाचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी त्यातच मोजलेली असते. खाजगीतल्या पगारात एकट्याने घर भाड्याने घेऊन राहणं माझ्या मते जमत नाही. हॉस्पिटलचं हॉस्टेल असेल तरच दोन वर्षं काढावीत, आयसीयूचा अनुभव पदरात पाडून घ्यावा आणि नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेचा, अभ्यास चालू ठेवावा. सही करण्याआधी बॉंडची अट (किती काळ नोकरी सोडता येणार नाही) आणि मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतात का, हे मात्र विचारून घ्या.