हेडरची गळती: पुन्हा नवं गॅस्केट, की फ्लँज सपाट करायचा?

इंजिन थंड असताना टिकटिक आणि गरम झालं की गप्प, म्हणजे बहुधा हेडरच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) फ्लँजमधून, म्हणजे तो इंजिनाला बोल्टने बसतो त्या सपाट कडेतून, धूर निसटतोय. धातू तापून फुगला की फट तात्पुरती बुजते, एवढंच.

नवं गॅस्केट (दोन धातूंमधली फट बुजवणारा पातळ थर) हा स्वस्त आणि झटपट उपाय. पहिल्यांदाच गळत असेल तर तोच करावा. कागदी थराच्या गॅस्केटपेक्षा अनेक थरांचं स्टीलचं किंवा नरम तांब्याचं जास्त टिकतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला कसायचे; काही वेळा गरम-थंड झाल्यावर, इंजिन गार असताना पुन्हा तपासायचे. हे दुसरं काम बहुतेकजण विसरतात, आणि दोष गॅस्केटला देतात!

दुसऱ्यांदा त्याच जागी जळालं, तर मात्र फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून पाहा. फ्लँज वाकलेला असेल तर कितीही महाग गॅस्केट घाला, ते जळणारच. हेडर काढून मशीनवर सपाट करणं वेळखाऊ, शिवाय गंजलेला बोल्ट हेडमध्येच (इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेडर बसतो) तुटण्याची धास्ती. तरी माझं मत याच बाजूने. कारण गळत राहिलेली फट ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि सेन्सर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) असल्याचं खोटंच सांगतो.