आठ महिने, एक बंब: प्रोजेक्टवाल्या चित्रकला वर्गाचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, मी पुन्हा चित्रकलेच्या वर्गात नाव नोंदवलं. नाशिकमधलाच वर्ग, दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा, एका बंगल्याच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. बाकीचे सहा दिवस मी अंबडच्या एका कंपनीत हिशेब बघते. फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं सत्र संपलं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. वर्गाचं नाव देत नाही, कारण मला लिहायचंय ते तिथल्या पद्धतीबद्दल, आणि ती कुठल्याही शाळेत किंवा क्लासमध्ये वापरता येईल.

पद्धत अशी: एका सत्रात एकच प्रोजेक्ट, विषय ज्याचा त्याने शोधायचा. पहिल्या दिवशी कोऱ्या पानांची जाड वही हातात देतात. वहीतलं पान फाडायचं नाही, प्रत्येक पानावर तारीख टाकायची, आणि बिघडलेलं, सांडलेलं, अर्धवट राहिलेलं सगळं तिच्यातच चिकटवायचं. दर चौथ्या रविवारी सगळ्यांचं काम भिंतीवर लागतं. ज्याचं काम असेल त्याने तेव्हा गप्प बसायचं, आणि बाकीच्यांनी त्यात काय दिसतंय एवढंच सांगायचं. छान आहे, वाईट आहे हे शब्द चालत नाहीत.

मी शाळेत असताना ज्या क्लासला जायचे तिथे याच्या अगदी उलट होतं. समोर छापील निसर्गचित्र ठेवायचे, आम्ही ते उतरवायचो, आणि जिथे चुकेल तिथे सर स्वतः ब्रश घेऊन दुरुस्त करून द्यायचे. घरी एक चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. पाहुण्यांना सगळे कौतुकाने दाखवायचे, पण त्यातलं आकाश आणि पाणी दोन्ही सरांच्या हातचं होतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी त्या चित्राकडे बघायचं टाळायचे. दहावीनंतर रंगांना हातच लावला नाही.

पहिले दोन महिने कठीण गेले, हे आधीच सांगते. मी विषय सांगितला होता 'तांबट आळी', म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली. माझं माहेर जुन्या नाशकातलं, भांडी बाजाराच्या जवळचं. तांब्याच्या पत्र्यावर पडणारा हातोडा ऐकतच मोठी झाले. जून-जुलैत चार-पाच रविवार तिथे जाऊन रेखाटनं केली. दुकानं, लटकलेल्या घागरी, वाड्यांचे सज्जे. नाशिकमध्ये जलरंग म्हटलं की चित्रकार शिवाजी तुपे यांची चित्रं डोळ्यांसमोर येतात, आणि नकळत हात त्याच वळणाने जातो. भिंतीवर माझं काम लागलं तेव्हा कोणी म्हणालं, 'जुनी गल्ली दिसतेय.' दुसरं म्हणालं, 'बाजार दिसतोय.' त्यापुढे कोणालाच काही दिसेना. घरी येऊन रडले नाही, पण पैसे वाया गेले असं नक्की वाटलं.

वर्ग घेणाऱ्या मॅडमनी उपाय वगैरे सांगितला नाही. त्यांनी विचारलं, 'ताई, ह्या आळीतली एखादी वस्तू तुमच्या घरात आहे का? ती पुढच्या रविवारी घेऊन या.'

माहेरचा आंघोळीचं पाणी तापवायचा बंब होता. आजीच्या वेळचा, मठारकाम केलेला, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेला, तांब्याचा, पितळी तोटीचा. वीस वर्षं माळ्यावर पडून होता. गिझर आल्यावर त्याला कोण विचारतो! भावाने आणि मी तो खाली काढला, चिंच-मीठ लावून घासला आणि रिक्षात घालून वर्गात नेला. मॅडमनी त्यावर कागद ठेवून मेणाचा खडू आडवा धरून घासायला सांगितलं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच.

इथून प्रोजेक्ट खरा सुरू झाला. कार्ट्रिज पेपर जाड पडला, ठोके उमटले पण धूसर, गोधडीखालून बोट चाचपावं तसे. पतंगाच्या कागदावर बारीकात बारीक ओरखडा आला, पण तो सुरकुतायचा आणि कडेला फाटायचा. न्यूजप्रिंटवर सुरेख आलं, पण तो कागद लवकर पिवळा पडतो. शेवटी पातळ हँडमेड कागदावर स्थिरावले. ह्या सगळ्या चाचण्या वहीत आहेत, प्रत्येकीखाली कागद कुठला, खडू कुठला आणि किती दाबला ते लिहिलेलं.

घासताना हातोड्याच्या ठोक्यांच्या ओळी दिसायला लागल्या. एकाखाली एक, वर्तुळात, माशाच्या खवल्यांसारख्या. ह्या ठोक्यांनी तांब्याचा मऊ पत्रा ताठ होतो, ते केवळ शोभेसाठी नसतात. तोटीच्या बुडाशी मात्र ओळ अचानक तुटत होती. तिथे हाताएवढी जागा सपाट, आणि तिच्याभोवती एक जाडसर, वेडीवाकडी कड. नुसत्या डोळ्यांना ती कधी दिसली नव्हती. आईला विचारलं तेव्हा कळलं की बंब तिथून गळायला लागला होता, आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती म्हणून आजीने तांब्याचं ठिगळ बसवून, डाख देऊन म्हणजे धातू वितळवून सांधून घेतला होता. त्या ठिगळाच्या बाजूलाच ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजीचं नाव आहे. ठिगळ बसवणाऱ्याने नावाचं शेवटचं अक्षर सांभाळून त्याच्या अगदी कडेने पत्रा कापला होता.

तांबट आळी विषय होता, तो आता ठिगळ झाला. हे बसून विचार करून सुचलं नसतं. हात चालत होता म्हणून सापडलं.

पुढच्या रविवारी मॅडम आम्हा सगळ्यांना पांडवलेण्यांवर घेऊन गेल्या. 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचं वर्णन करणारा, ब्राह्मी लिपीतला. अशा लेखांचे ठसे कसे घेतात ते त्यांनी तिथे समजावलं: ओला कागद दगडावर ठेवून ब्रशने ठोकून बसवायचा, खाचांमध्ये शिरू द्यायचा, मग वरून शाईची पुरचुंडी टिपत जायची. खोदलेली अक्षरं पांढरी राहतात, बाकीचं काळं होतं. लेणी संरक्षित आहेत, त्यामुळे आम्ही हात न लावता फक्त रेखाटनं केली. पण माझ्या खडूखाली आजीचं नाव पांढरं का राहिलं, हे मला त्या पायऱ्यांवर बसून कळलं.

मग लिनोकट, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर कोरून त्याचा कागदावर छाप घ्यायचा. दिवाळीनंतर लिनोवर बंबाचे ठोके कोरायला घेतले. लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचा थर, मागे तागाचं कापड. थंडीत तो कडक होतो, आणि डिसेंबरातली नाशिकची सकाळ सगळ्यांना माहीतच आहे. पहिल्या दिवशी हत्यार सटकून डाव्या हाताच्या बोटाला लागलं. त्यानंतर लिनो अर्धा तास गच्चीवरच्या उन्हात ठेवायचा आणि दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवायचा, हे अंगवळणी पडलं. ऊन लागलेला लिनो कोरताना साल निघते ती सलग, वळवळीत. थंड लिनोचे नुसते तुकडे उडतात.

माझी सगळ्यात मोठी चूकही इथलीच. दोन रविवार खपून आजीचं नाव कोरलं, शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला, उचलला, तर नाव उलटं. छापताना डाव्याचं उजवं होतं हे मला माहीत होतं, फुलाच्या सरावात केलेलंही होतं, पण अक्षर लिहायची हाताची सवय इतकी जुनी की लक्षातच आलं नाही. मॅडमनी तो छाप वहीत चिकटवायला लावला आणि विचारलं, 'नाव छापायलाच हवंय का? घासून ते सरळच येतंय ना?' मग रचना बदलली. ठोके लिनोतून छापले, आणि नाव व ठिगळ त्याच कागदावर बंबावरून घासून घेतलं. अशा बारा प्रती केल्या. प्रत्येकीत ठिगळ वेगळं आलंय, कारण हाताचा दाब दर वेळी वेगळा.

वर्गातल्या इतरांचं बघून मी जितकं शिकले तितकं माझ्या कामातून शिकले नसेन. एक निवृत्त काका 'गोदावरी' असा भलामोठा विषय घेऊन आले होते. आठवडाभर घाटावर फिरले आणि एकाच जागेवर येऊन थांबले: नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती, दुतोंड्या मारुती. नाशिककर पूर मोजतो तो त्याच्यावर. पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, एवढं सांगितलं की पुरतं. काकांनी पावसाळाभर एकाच ठिकाणी उभं राहून, एकाच आकाराच्या कागदावर तेवढंच चित्र काढलं, खाली तारीख आणि त्या दिवशी गंगापूर धरणातून किती क्युसेकने पाणी सोडलं तो आकडा. भिंतीवर ती चित्रं ओळीने लागली तेव्हा नदी चढताना आणि उतरताना दिसली. सुटं एकेक चित्र साधंच होतं.

आणि सुरगाण्याकडच्या एका मुलीला बोहाड्यातल्या, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवातल्या, मुखवट्यांवर काम करायचं होतं. तिचा कागदी लगदा पावसात वाळेना, बुरशी धरायला लागली. तेव्हा वर्गातल्या एका काकूंनी सांगितलं की त्यांच्याकडे कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करताना त्यात मेथीची पूड घालतात. घातली. लगदा घट्ट झाला, पुढच्या मुखवट्यांना कीड लागली नाही, आणि खोलीभर महिनाभर मेथीचा वास होता.

माझी मुलगी नववीत आहे आणि तिने यंदा चित्रकलेची इंटरमिजिएट ही सरकारी परीक्षा दिली, त्यामुळे घरात तुलना रोज व्हायची. त्या परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन याने हात बसतो, आणि ए ग्रेडला दहावीत 7, बी ला 5, सी ला 3 गुण मिळतात, तेही कामाचे आहेत. पण तिथे चित्र वेळेत संपवायचं असतं आणि मग त्याच्याकडे परत जायचं नसतं. ह्या वर्गात सगळं परत जाण्यावर आहे. कलाशिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे: आठवीच्या एका तरी तुकडीला वर्षभर एक वही आणि एक विषय देऊन बघा.

आता अडचणी. आमच्या बॅचला बावीस जण होते, त्यामुळे मॅडमची दहा मिनिटं मिळायलासुद्धा कधीकधी साडेबारा वाजायचे. छपाईचं टेबल एकच, रोलर दोन. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजाने बोललेलं ऐकू येत नाही. तेलाची शाई दमट हवेत चार-चार दिवस वाळत नाही आणि प्रती वाळत घालायला पुरेशा दोऱ्या नाहीत. पाण्याची शाई घ्यावी तर मार्चच्या उन्हात रोलरवरच सुकते. शेवटच्या प्रदर्शनाच्या फ्रेमचा खर्च आपला आपण करायचा, हे फक्त पंधरा दिवस आधी सांगितलं, ते मला पटलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. सामानाला आठ महिन्यांत साधारण साडेचार हजार रुपये लागले, त्यातला निम्मा खर्च चाचण्यांवर गेला. लिनो एम.जी. रोडच्या दुकानांत कधी असतो, कधी नसतो. मिळाला की दोन जास्त घेऊन ठेवा, पण वर्षभर साठवू नका, जुना झाला की कितीही ऊन दाखवा, नीट कापला जात नाही.

ज्यांना महिन्याभरात घरी लावायला चित्र हवं आहे त्यांनी इथे येऊ नये. तीन महिने तुमच्याकडे दाखवण्यासारखं काही नसेल आणि घरचे विचारतील. ज्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट बरीच वर्षं घोळते आहे आणि ती नक्की काय आहे हे उमगत नाही, त्यांनी जरूर यावं.

मी जूनच्या सत्राचे पैसे भरले आहेत. बंब अजून वर्गातच आहे. त्याचं झाकण आणि आतली कल्हई अजून मी बघितलेलीही नाही. नव्याने येणार असाल तर छपाई घासायला घरून एक जाड, गुळगुळीत पाठीचा स्टीलचा चमचा घेऊन या. तिथले दोन्ही चमचे कायम कोणाच्या तरी हातात असतात.