क्रेझी रिच एशियन्स: सासूबाईंसोबत पाह्यलेला पिक्चर

पिक्चर २०१८ चा आहे, मी आत्ता पाह्यला आणि एकदा नाही, दोनदा पाह्यला. रेचल न्यूयॉर्कला इकॉनॉमिक्स शिकवते, एकट्या आईने वाढवलेली पोरगी, बॉयफ्रेंडच्या मित्राचं लग्न म्हणून त्याच्यासोबत सिंगापूरला जाते आणि तिथे गेल्यावर कळतं हे लोक केवढे श्रीमंत आहेत ते. त्याची आई एलेनॉर, म्हणजे मिशेल यो, हिला ही अजिबात पसंत नाही.

मला हा जरा जास्तच लागला. लग्नाआधी मी नागपुरात महाल वस्तीतून पॉश रामदासपेठेत ह्यांच्या बंगल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा संत्रा बर्फीचा डबा नेला होता, सासूबाईंनी तो घेतला, न उघडता फ्रिजवर ठेवला आणि विचारलं, "वडील काय करतात म्हणालीस?" माहीत होतं त्यांना. मिशेल यो अगदी तश्शीच बोलते न, आवाज कुठेच चढत नाही पण समोरच्याचा घसा कोरडा पडतो.

डम्पलिंगचा सीन सगळ्यात भारी. आपल्याकडे दिवाळीत करंज्यांना बसतात तसं सगळं घर टेबलाभोवती बसलंय, आणि त्यानंतर एलेनॉर रेचलला एकटीला सांगते की तिच्या सासूनेही तिला पसंत केलं नव्हतं, घराण्यातली अंगठी द्यायला नाही म्हटलं म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी वेगळी बनवून घेतली. तिथून तिचा राग येणं बंद होतं. आणि एलेनॉरसोबतचा माहजाँग या चिनी खेळाचा डाव, रेचल जिंकायची सोंगटी हातात आलेली असताना ती सोडून देते (खेळाचे नियम माहीत नसले तरी समजतं), मी तिथे रडले.

बॅचलर पार्टी उगाच लांबवली आहे आणि बॉयफ्रेंडच्या आतेबहिणीची, अ‍ॅस्ट्रिडची गोष्ट अर्धवट ठेवली, जेम्मा चॅन इतकं छान काम करते तर तिला अजून द्यायला हवं होतं. लग्नात चर्चमध्ये नवरीच्या वाटेवर पाणी येतं तो सीन मात्र जमलं तर मोठ्या स्क्रीनवर पाहा.

दुसऱ्यांदा सासूबाईंसोबत बसले, सबटायटल लावून. डम्पलिंग वळताना पाहून म्हणाल्या, "मुरड चांगली घालतात हे लोक." अंगठीची गोष्ट आली तेव्हा त्यांनी रिमोट घेऊन पिक्चर थांबवला. "मला दोन वर्षं फोडणी घालू दिली नव्हती माझ्या सासूबाईंनी." थोडा वेळ तशाच बसल्या, मग रिमोट माझ्या हातात दिला, "लाव पुढे."